नुसतं बोलायचंच असेल, तर सही कशाला?

प्रश्न : गेली काही वर्षं झोप नीट लागत नाही, सारखी धास्ती वाटते, म्हणून आमच्या गावातल्या एका समुपदेशकांकडे गेले. आत बोलावण्याआधीच बाहेर बसलेल्या मुलीने चार पानी इंग्रजी संमतीपत्र पुढे केलं आणि म्हणाली, "फॉर्मॅलिटी आहे, शेवटी सही करा." मी केली. ऑपरेशनच्या आधी सही घेतात ते समजतं, तिथे जिवाचा प्रश्न असतो. इथे तर नुसतं बोलायचं. मग संमती नेमकी कशाची? त्या सहीने मी काय कबूल केलं? आणि माझं बोलणं माझ्या मिस्टरांना किंवा आणखी कुणाला सांगायची परवानगीही त्यात गेली का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. तुम्ही सज्ञान आहात आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकता. त्यामुळे पती असोत, आई असो की फी भरणारा भाऊ असो, तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत जाता कामा नये. मानसिक आजाराच्या उपचारात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, असं मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये लिहिलेलं आहे. त्याला काही अपवाद आहेत. ते अपवाद तुम्हाला पहिल्याच दिवशी, तुम्ही मन मोकळं करण्याआधी, मराठीत सांगायला हवे होते. ते न सांगता घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही, आणि कायद्याची भाषाही याच बाजूची आहे.

आता "नुसतं बोलायचं" याकडे वळू. शस्त्रक्रियेतला धोका सुरीत असतो, समुपदेशनातला धोका सांगण्यात असतो. लहानपणी नात्यातल्या माणसाने काय केलं, लग्नाआधी कुणावर जीव होता, परवा रात्री गोळ्यांची बाटली हातात घेऊन किती वेळ बसून होतो, हे एकदा दुसऱ्याच्या कानी आणि त्याच्या वहीत गेलं की परत घेता येत नाही. त्या नोंदी कोण वाचतं, किती वर्षं ठेवतात, समुपदेशक आपल्या वरिष्ठांशी त्याची चर्चा करतात का, शिकाऊ विद्यार्थी समोर बसणार आहे का, मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं का, हे सगळं बोलणाऱ्याला आधी माहीत हवं. माहिती नंतर देऊन उपयोग नाही. तोपर्यंत सांगणारीने सांगून टाकलेलं असतं.

दुसरा धोका त्याहून कमी बोलला जातो. समुपदेशनाने सुरुवातीला बरं वाटेलच असं नाही. दाबून ठेवलेलं वर आलं की पहिले काही आठवडे रडू जास्त येतं, घरात खटके उडतात. आजवर "नाही" न म्हटलेली बाई "नाही" म्हणायला लागली की संसाराची घडी बदलते, आणि ते सगळ्यांना रुचतंच असं नाही. काही पद्धतींत तर त्रास मुद्दामच सहन करायला लावतात. हात पुन्हापुन्हा धुण्याच्या मंत्रचळावर जी वर्तनोपचाराची पद्धत वापरतात, तिच्यात रुग्णाला अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायला सांगतात आणि मग हात धुवू देत नाहीत. भीती चढते, थांबते आणि हळूहळू उतरते, हे त्याने स्वतः अनुभवावं असा त्यामागचा विचार आहे. पद्धत चांगली आहे, तिचा गुणही येतो. पण का, किती वेळ, आणि नको वाटलं तर काय, हे न सांगता हीच गोष्ट एखाद्याकडून करून घेतली तर तो छळ होईल. दोन्हींत फरक पडतो तो फक्त रुग्णाला आधी मिळालेल्या माहितीने आणि त्याने दिलेल्या होकाराने.

सहीने काय कबूल होतं, याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका वेगळ्याच प्रकरणात दिलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा तो खटला. १९९५ मध्ये दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एक अविवाहित बाई अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून त्यांची सही घेतली गेली. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय आणि बीजकोश काढणंच बरं. बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन ते काढले गेले. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालय म्हणालं नाही. तरीही निर्णय बाईंच्या बाजूने लागला. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्यामुळे त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आणि सज्ञान मुलीच्या शरीराबद्दल आईने "हो" म्हटल्याला अर्थ नाही. डॉक्टरांना फी नाकारली गेली आणि २५,००० रुपयांची भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण त्या निकालाने आखलेली रेघ लहान नाही. आपल्याकडे घरचं माणूस "करा" म्हणालं की काम भागतं, ही समजूत तिथे कायद्याने मोडून काढली.

त्याच निकालात एक तडजोडही आहे आणि ती मला खटकते. अमेरिकेतल्या काही न्यायालयांनी रुग्णाला सांगायच्या माहितीची कसोटी फार कडक ठेवली आहे. भारतातली परिस्थिती पाहता ती इथे जशीच्या तशी लावायला आपल्या न्यायालयाने नकार दिला. उपचाराचं स्वरूप, फायदे, मोठे धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढी पुरेशी माहिती द्यावी, असं त्याने ठरवलं. ज्या सरकारी रुग्णालयात एका डॉक्टरपुढे सकाळपासून शंभर माणसं उभी असतात, तिथे ही सवलत समजू शकते. समुपदेशकाकडे पाऊणएक तास असतो आणि समोर एकच माणूस असतो. घाईचं कारण त्याला लागू होत नाही.

२०१७ च्या अधिनियमाने संमतीची जी व्याख्या केली आहे ती मला फार मोलाची वाटते. संमती विशिष्ट उपचारासाठी हवी. ती जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, धमकी, चूक किंवा दिशाभूल यांतून आलेली नसावी. आणि धोके, फायदे, पर्याय यांची माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने दिल्यावरच ती घेतली जावी. तुमचा चार पानी इंग्रजी कागद आणि बाहेर बसलेली ती मुलगी या अटींपैकी एकही पुरी करत नाहीत. या अधिनियमाचं कलम ४ आणखी एक गोष्ट सांगतं, जी समुपदेशनाच्या प्रत्येक खोलीत सगळ्यांना ठाऊक असायला हवी. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवता येत नाही. मानसिक आजार आहे म्हणून माणसाचं "नाही" आपोआप रद्द होत नाही.

इथे एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. हा अधिनियम मानसिक आजार आणि त्याची शंका असलेल्यांच्या उपचारासाठी आहे. नवरा-बायकोची कुरबुर, दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची, कचेरीतला ताण, अशा गोष्टींसाठी होणारं समुपदेशन त्याच्या चौकटीत सरळ बसत नाही. अधिनियमात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची जी यादी आहे, तिच्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते वगैरे आहेत. "समुपदेशक" हा शब्द तिच्यात नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक तुम्ही विचारू शकता. बाकीच्यांसाठी २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याने वर्तणूक-आरोग्याचा एक गट केला आहे. पण आज दारावर "समुपदेशक" अशी पाटी दिसली, एवढ्यावरून आतल्या माणसाचं शिक्षण कळत नाही. म्हणून "तुम्ही काय शिकलात, कुठे शिकलात आणि अडचण आली तर कुणाचा सल्ला घेता?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. संमतीचा तो पहिला भाग आहे.

मग चौकटीबाहेरच्या समुपदेशनाला कायदा नाहीच का? आहे, आणि जुना आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२. फी देऊन सेवा घेतली की तो करार झाला आणि करारासाठी संमती मोकळेपणाने दिलेली हवी. त्याचं कलम १६ वाचलं की मला दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मसुदाकारांचं नवल वाटतं. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असेल, किंवा वय, आजारपण, मानसिक अथवा शारीरिक क्लेश यांमुळे समोरच्याची विचारशक्ती तात्पुरती का होईना खालावली असेल, तर अशा माणसाकडून वरचढाने घेतलेल्या संमतीकडे कायदा संशयाने बघतो. रडवेल्या डोळ्यांनी पहिल्यांदा समुपदेशकाच्या दारात आलेला माणूस याहून वेगळ्या शब्दांत कसा सांगायचा? शिवाय फी देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.

आता ते अपवाद. तुमच्या समुपदेशकांनी जे सांगायचं राहिलं, ते मी सांगते.

पहिला अपवाद जिवाचा. तुमच्यापासून दुसऱ्याच्या किंवा तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर तो टाळण्यापुरती माहिती बाहेर देता येते. "पुरती" हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमची सगळी कहाणी सांगायची मुभा त्यात नाही. या अपवादामागे कॅलिफोर्नियातली एक दुःखद घटना आहे आणि तिचा धागा भारताशी जोडलेला आहे. १९६९ मध्ये बर्कली इथल्या विद्यापीठात भारतातून गेलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी तिथल्या मानसशास्त्रज्ञाकडे जात होता. आपल्याला नाकारणाऱ्या मुलीला मारण्याचा विचार त्याने त्यांच्यापाशी बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिलं. मुलीला आणि तिच्या घरच्यांना मात्र कुणी काहीच सांगितलं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये तातियाना तारासॉफ हिचा खून झाला. तिच्या आईवडिलांच्या दाव्यावर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रुग्णापासून एखाद्याला गंभीर धोका आहे असं कळत असेल, तर त्या माणसाच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर येते, असं त्यात म्हटलं. जगभरच्या समुपदेशकांच्या शिक्षणात हा निकाल आजही शिकवला जातो. आपल्या अधिनियमातला अपवादही त्याच जातीचा आहे.

आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर पोलीस येतील, ही भीती अनेकांना असते. विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही, आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. २०१७ च्या अधिनियमाने तर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे. तेव्हा हे विचार समुपदेशकांना जरूर सांगा. ते कदाचित घरातल्या एखाद्या माणसाला सोबत घ्यायचं सुचवतील. कुणाला घ्यायचं, हे शक्यतो तुम्हाला विचारूनच ठरायला हवं.

दुसरा अपवाद लहान मुलांचा. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते.

तिसरा न्यायालयाचा. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने नोंदी मागवल्या तर त्या द्याव्या लागतात. घटस्फोट किंवा मुलाचा ताबा यांचं प्रकरण चालू असेल, तर हे तुम्हाला आधी ठाऊक असणं अत्यावश्यक आहे.

आता तुम्ही एक करा. पुढच्या भेटीत पहिली दहा मिनिटं मागून घ्या. "त्या कागदात काय आहे ते मला मराठीत सांगा. माझं बोलणं कुणाला, कधी सांगाल? किती भेटी लागतील असं वाटतं? पद्धत कुठली? औषधांची गरज वाटली तर कुणाकडे पाठवाल?" असं विचारा. चांगले समुपदेशक हे ऐकून सुखावतात. आपल्याच जिल्हा रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीसाठी जी समुपदेशन केंद्रं आहेत, तिथे तपासणीआधी बोलणं, मग संमती, आणि निकालानंतर पुन्हा बोलणं हा क्रम २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बांधून दिलेला आहे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयासाठी जर कायदा हा क्रम घालून देतो, तर वातानुकूलित खासगी खोलीत तो पाळता येत नाही असं कुणी म्हणू नये.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मोबाइल आणि अभ्यास यांवरून घरात रोज भांडणं होत म्हणून त्याला समुपदेशक बाईंकडे नेलं. चार भेटी झाल्या. तो आत काय बोलतो हे विचारलं तर बाई म्हणतात, "ते मला सांगता येणार नाही." संमतीपत्रावर सही माझी आहे, फी मी देतो. मग मला कळायला नको का?
(एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : काळजी तुमची खरी आहे, पण बाईंचंही बरोबर आहे. दोन्ही एकत्र कसं बसतं ते पाहू.

कायद्याच्या नजरेत अठरा वर्षांखालचा मुलगा अज्ञान आहे, म्हणून सही तुमची लागते. फौजदारी कायदा बारा वर्षांखालच्या मुलाची संमती संमतीच मानत नाही. बारा ते अठरा या वयाबद्दल मात्र कायदे एकसारखं बोलत नाहीत आणि तिथेच समुपदेशकांची खरी परीक्षा असते. जबाबदार समुपदेशक या वयात दोघांचीही संमती घेतात. तुमची कागदावर, मुलाची त्याच्या तोंडून. कारण सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध खुर्चीत बसवता येतं, बोलतं करता येत नाही. आत बोललेलं संध्याकाळी जेवताना बाबांच्या तोंडून ऐकू आलं की तो पाचव्या भेटीत "सगळं ठीक आहे" एवढंच सांगेल, आणि तुमची फी फुकट जाईल.

पालक म्हणून तुमची जबाबदारी पार पाडायला लागेल एवढी माहिती मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. मुलगा येतो का, प्रगती आहे का, घरात काय बदलायला हवं, त्याच्या जिवाला धोका आहे का, हे बाईंनी सांगायलाच हवं. तो कुणाबद्दल काय म्हणाला, हे त्यात येत नाही. ही वाटणी पहिल्या भेटीत तिघांनी एकत्र बसून ठरवायची असते. ते राहिलं असेल तर आता मागा. बाईही तयार होतील.

आता तो अवघड अपवाद. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. हे बंधन सगळ्यांवर आहे, डॉक्टर आणि समुपदेशकांवरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं. त्यात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता आणि त्याच्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. त्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण याच कायद्याने सतरा वर्षांच्या मुलीचं तिच्या वर्गातल्या मुलाशी असलेलं शरीरसंबंधांचं नातंही गुन्ह्यात येतं, दोघांची इच्छा असली तरी. अशी मुलगी समुपदेशकांकडे येते ती रडत, घाबरत, बहुधा पाळी चुकल्यावर. तिने बोलून टाकल्यावर "आता मला पोलिसांना सांगावं लागेल" असं ऐकवणं हा विश्वासघात आहे, कायद्याने भाग पाडलेला असला तरी. मला यावर एकच प्रामाणिक मार्ग दिसतो. पहिल्या भेटीतच, कुठलाही विषय निघण्याआधी, प्रत्येक मुलाला साध्या भाषेत सांगायचं : "तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या कुणाशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. तेव्हाही आधी तुला सांगेन, मग पुढचं पाऊल टाकेन." काही मुलं हे ऐकून गप्प बसतील. बसू देत. काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे राहिला. कायद्यात बदल हवा की नको हा वाद चालू राहील. तोपर्यंत मुलांना अंधारात ठेवून बोलतं करणं मला मान्य नाही.

या निमित्ताने पालकांना आणखी एक सांगावंसं वाटतं. मुलाला मुलगा आवडतो किंवा मुलीला मुलगी, म्हणून "त्याला बदलून द्या" असा आग्रह घेऊन काही कुटुंबं समुपदेशकांकडे जातात. इथे पालकांची सही कामाची नाही आणि मुलाची स्वतःची सहीही नाही, कारण ती जवळजवळ नेहमी घरच्यांच्या दडपणातून आलेली असते. समाजाच्या रीतींशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवता येत नाही, असं २०१७ च्या अधिनियमाचं कलम ३ सांगतं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा तथाकथित उपचारांविरुद्ध आदेश दिले. ते देण्याआधी न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय समजून घेण्यासाठी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांबरोबर बैठक घेतली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

प्रश्न : सासरच्या मारहाणीची तक्रार केल्यावर मला आणि नवऱ्याला समुपदेशनाला बोलावलं. तिथे "सांभाळून घ्या" असंच सगळे म्हणतात. मी नाही म्हटलं तर माझी केस कमजोर होईल का? तिथे बोललेलं कोर्टात जाईल का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १४ खाली दंडाधिकारी दोघांना, एकत्र किंवा वेगवेगळं, समुपदेशनाला पाठवू शकतात. तुम्ही आदेशाने जात असाल तर हजर राहा. पण हजर राहणं म्हणजे समझोत्याला होकार देणं नव्हे. तडजोडीचे प्रयत्न तुमची इच्छा असेल तरच करायचे आहेत, आणि मारहाणीचं समर्थन नवऱ्याला तिथे करता येत नाही, असं त्या कायद्याचे नियम सांगतात. एकाच खोलीत त्याच्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर वेगळी भेट मागा. भीतीपोटी दिलेल्या होकाराला संमती म्हणत नाहीत.

आपल्या राज्यात या कामाची चांगली परंपराही आहे. मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाईला काय हवं हे आधी ऐकायचं, हा त्या कामाचा पाया आहे. तुमच्या जिल्ह्यात असा कक्ष आहे का, याची पोलिस अधीक्षक कार्यालयात चौकशी करा.

कोर्टात काय जातं हे समुपदेशकांना तोंडावर विचारा : "माझं बोलणं अहवालात लिहिणार का, फक्त निष्पत्ती लिहिणार?" मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर जास्त जपून. अशा वादात मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल न्यायालय मुलाच्या हितासाठी विचारात घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुठल्याही समझोत्यावर सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलांना तो कागद दाखवा. महिलांना ही मदत मोफत मिळते.

प्रश्न : एकदा सही केली की सगळ्या भेटी पूर्ण कराव्या लागतात का? आणि माझ्या नोंदी मला बघता येतात का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, कधीही थांबता येतं, कारण न सांगताही. आगाऊ पैशांचं काय होणार हे मात्र सुरुवातीलाच लिहून घ्या. पद्धत बदलली, संमोहन वापरायचं ठरलं, जोडीदाराला आत बोलवायचं ठरलं, तर प्रत्येक वेळी नव्याने विचारलं गेलं पाहिजे. जुनी सही तिथे पुरत नाही.

मानसिक आजारावरचे उपचार चालू असतील तर मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २५ ने दिला आहे. एखादी नोंद वाचून तुम्हाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं वाटलं, तर तेवढी ती रोखता येते. पण रोखली आहे आणि तुम्ही त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाऊ शकता, हे दोन्ही तुम्हाला सांगावं लागतं. मनोरुग्णालयातल्या सेवेबद्दलची तक्रार याच मंडळाकडे करता येते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या गैरवर्तनाची तक्रार पुनर्वास परिषदेकडे जाते. खासगी समुपदेशकाबद्दलची जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्या. त्यासाठी फीच्या पावत्या आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत लागेल, तेव्हा ती प्रत सही करतानाच मागून घ्या.